सस्पिरिया आणि ती 'वा!'

भयपटांच्या चाहत्यांत दारिओ अर्जेंतोच्या 'सस्पिरिया'चा (१९७७) विषय काढून बघा. पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, असा सिनेमा पुन्हा झाला नाही. दुसरा म्हणतो, गोष्टीच्या नावानं बोंब, नुसता रंग आणि रक्त!

गोष्ट एवढीशीच आहे, मान्य. एक अमेरिकन मुलगी जर्मनीत फ्रायबुर्गच्या नृत्यशाळेत येते आणि शाळा चेटकिणींची निघते. संपली. पण परीकथेत कथानक कमी म्हणून कोणी रुसतं का? अर्जेंतो आणि त्याचा छायाचित्रकार लुचानो तोव्होली यांनी डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'चे रंग डोळ्यांपुढे ठेवले होते. अर्जेंतोला खरं तर लहान मुलीच हव्या होत्या. ते जमलं नाही, तेव्हा त्याने दारांच्या मुठी उंचावर बसवल्या, म्हणजे मोठ्या मुलीही दारापुढे लहान दिसाव्यात. तो लालभडक उजेड, वर गॉब्लिनचं ते कुजबुजणारं संगीत... लहानपणी तापात खोली जशी दिसायची ना, अगदी तसं. तिथे लॉजिक कसलं शोधता?

माझी अडचण वेगळीच आहे. सुरुवातीच्या खुनात एक मुलगी रंगीत काचांचं छत फोडून खाली येते आणि दोरीला लटकते. रक्त ठिबकतंय, खाली नक्षीदार फरशी, आणि मी मनात म्हणते, वा, काय फ्रेम आहे! ही 'वा' मला टोचते. आमची मावशी शेजारी बसली होती. तिने एवढंच विचारलं, "ती कोण होती गं?" मला नाव सांगता येईना. काचांचे रंग मात्र सगळे सांगता आले असते.

लुका ग्वादान्यिनोने २०१८ साली हाच सिनेमा पुन्हा केला, तेव्हा रंग जवळजवळ काढूनच टाकले. राखाडी, पावसाळी बर्लिन. त्यावरही समीक्षक भांडलेच. त्यात एक मुलगी नाचते आणि तिच्या प्रत्येक झटक्यासरशी आरशांच्या खोलीत कोंडलेल्या दुसरीची हाडं मोडतात. तिथे 'वा' तोंडातून निघत नाही. नाच सुंदर आहे आणि त्याची किंमत कोण मोजतंय हे समोर दिसत राहतं. जास्त प्रामाणिक सिनेमा, माझ्या मते. अडीच तास मात्र फार झाले!

आणि तरीही पुन्हा लावते ती जुन्याचीच डीव्हीडी.