विश्लेषण : गर्भातच दिसला पित्तनलिकेचा दोष, बाळाची शस्त्रक्रिया नेमकी कधी?

बारामती किंवा इंदापुरात पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत गर्भाच्या यकृताखाली पाण्याची छोटी पिशवी दिसते. अहवालावर ‘प्रसूतीनंतर पुन्हा तपासणी’ असा शेरा पडतो. पुढे प्रसूती माहेरी होते, फाइल सासरीच राहते. बाळ तर दिसायला ठणठणीत. मग घाई कशाला, असे घरात म्हटले जाते.

एक पिशवी, दोन शक्यता

ही पिशवी म्हणजे फुगलेली पित्तनलिका, म्हणजेच ‘कोलेडोकल सिस्ट’ असू शकते. पण पित्तनलिका बंद पडत जाणाऱ्या ‘बिलियरी अट्रेसिया’ या आजाराच्या एका प्रकारातही अशीच पिशवी दिसते. गर्भावस्थेतील सोनोग्राफीवरून दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही. तो जन्मानंतरची सोनोग्राफी, रक्तातील ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ आणि शीचा रंग यांवरून कळू लागतो. म्हणून या तपासण्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतच व्हायला हव्यात.

थांबायचे की नाही?

अट्रेसिया असेल तर थांबायला वाव नाही. पित्त यकृतातच साठून यकृत कडक होत जाते. जपानचे शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी, आतडे थेट यकृताला जोडण्याची शस्त्रक्रिया साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त असते. उशीर झाला तर यकृत प्रत्यारोपणाची वेळ लवकर येऊ शकते.

सिस्ट असेल आणि कावीळ, ताप किंवा पिशवी वाढणे असे काही दिसले, तर तिथेही लवकर शस्त्रक्रिया करतात. काहीच लक्षण नसेल तर मात्र डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. काही जण पहिल्या महिन्यात करतात, काही तीन ते सहा महिने थांबतात. वजन वाढलेल्या बाळाला भूल देणे आणि नाजूक नलिका जोडणे सोपे जाते. पण तोवर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग होऊ शकतो, यकृताला इजाही पोहोचू शकते. थांबायचे ठरले तरी ठरावीक दिवसांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी चुकवून चालत नाही.

सव्वा महिन्याचा हिशेब

बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडायचे नाही, ही रीत अनेक घरांत आजही पाळतात. साठातले चाळीस दिवस तिथेच संपतात. त्यात ‘कोवळ्या उन्हात धरा, कावीळ जाईल’ हा सल्ला. साधी कावीळ बहुधा दोन आठवड्यांत ओसरते, हे खरे. पण १४ दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील, शी पांढरट आणि लघवी लंगोटाला डाग पडण्याइतकी पिवळी असेल, तर उन्हाचा उपयोग नाही. तैवानने २००४ पासून पालकांना शीचा रंग ताडून पाहण्याचे कार्ड देशभर दिले. आपल्याकडे आशा सेविकेच्या ठरलेल्या गृहभेटींपैकी एक १४ व्या दिवशीच असते. तेव्हा शीचा रंग तिला दाखवता येतो.

जायचे कुठे?

रक्ततपासणी आणि सोनोग्राफी तालुक्यातच होऊ शकते. शस्त्रक्रियेला मात्र बालशल्यचिकित्सक, तान्ह्या बाळांना भूल देणारे तज्ज्ञ आणि नवजात अतिदक्षता विभाग लागतो. बहुतेक कुटुंबांसाठी याचा अर्थ पुणे. बारामतीपासून सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर शासकीय रुग्णालयात मोफत उपचारांची तरतूद आहे. सोनोग्राफीचा मूळ अहवाल सोबत हवा आणि शक्यतो बालशल्यचिकित्सकाची पहिली भेट प्रसूतीआधीच ठरलेली असावी.