बिनमिरचीचे कालवण

आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची या एकाच कुळातील भाज्यांनी दुखणे वाढते, असे काही रुग्ण सांगतात. शास्त्राने ते सिद्ध केलेले नाही. पण पंधरा-वीस दिवस वगळून पाहावे. आपल्या धाराशिवकडच्या येसरात, काळ्या मसाल्यातही मिरची असते.

तेलात लसूण, आले, कांदा परता. हळद, मिरपूड, लाल भोपळा, दुधी, शेवग्याच्या शेंगा, मीठ, पाणी घालून शिजवा. थोडा भोपळा घोटला की रस्सा दाटतो. शेवटी चिंचेचा कोळ, कोथिंबीर.

जिचे सांधे दुखतात, तीच सर्वांसाठी रांधते. तिच्यासाठी वेगळे भांडे चुलीवर चढत नाही. म्हणून हेच कालवण भाकरीबरोबर सर्वांनी खावे. आराम पडला तरी डॉक्टरांच्या गोळ्या मात्र बंद करू नयेत.