राणीछाप

माझ्याकडे रोमची एक सम्राज्ञी आहे. फाउस्टिना. इ.स. १४० मध्ये ती वारली. तिच्या नवऱ्याने, सम्राट अँटोनायनस पायसने, तिला देवी ठरवलं आणि तिच्या नावाची नाणी पुढे कित्येक वर्षं पाडली. मी तिचं चांदीचं नाणं घेतलं तेव्हा विकणाऱ्याला विचारलं, कुठे सापडलं? तो म्हणाला, "जुन्या संग्रहातलं आहे." विषय संपला.

ते घेण्यासाठी मी आजीच्या अकरा राणीछाप रुपयांपैकी सात रत्नागिरीत मोडीत घातले. हा लेख माझ्यासारख्यांच्या विरोधात आहे.

आमचा पहिला युक्तिवाद ठरलेला : राणीछाप काय, कोकणात घरोघरी सापडतात, लक्ष्मीपूजनाला ताटात असतात. खरंय. पण फाउस्टिनाची नाणीही इतकी पाडली गेली की आज ती सहज विकत मिळतात. मग दुर्मीळपणाच्या गप्पा कशाला?

दुसरा युक्तिवाद वयाचा. नाणं जमिनीत कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं, यावरून व्यापार कळतो, काळ कळतो. ते उपसून, पुसून, जागेची नोंद न ठेवता विकलं की उरतो फक्त चेहरा. एकोणीसशे वर्षं जुना, पण मुका. आणि आपण असं नाणं घेतो तेव्हा पुढचा खड्डा खणणाऱ्याला पैसे पुरवतो.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात गोड : राण्यांची नाणी जमवणं म्हणजे बायकांचा इतिहास जपणं. जुन्नरजवळच्या नाणेघाटात जाऊन बघा. तिथल्या लेण्यात सातवाहन राजघराण्याचे पुतळे कोरलेले होते. राणी नागनिकेचाही होता. पुतळे गेले, पण वरची नावं राहिली. तिथे राणी होती हे आज आपल्याला त्या अक्षरांमुळे कळतं. चेहरा नष्ट झाला तरी चालतं, नोंद गेली की माणूस गेलं.

आता माझे सात रुपये. आजी सांगायची, तिच्या आजोबांच्या घरून थिबा राजाच्या बंगल्यावर दूध जायचं आणि हे त्याचे पैसे. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ च्या युद्धात पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तो १९१६ मध्ये इथेच वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली. त्यांना पेन्शन इंग्रज सरकारकडून मिळायची. व्हिक्टोरियाच्या रुपयावर आधी 'क्वीन' लिहिलेलं असे, १८७७ पासून 'एम्प्रेस' आलं. म्हणजे जिने राज्य घेतलं त्या सम्राज्ञीचा चेहरा हातात घेऊन एक राणी आपल्याच गावात दूधवाल्याचा हिशेब चुकता करत होती. बायकांचा इतिहास हवा होता ना? तो आमच्या देव्हाऱ्यात होता.

आजीची गोष्ट खरी होती का? ताडून बघता आली असती. त्या सात रुपयांवर साल काय होतं, 'क्वीन' होतं की 'एम्प्रेस', एवढं तरी कळलं असतं. मी पाहिलंच नाही. सराफाने वजन केलं, मी पैसे घेतले.

तुमच्या फोनवरही 'हे नाणं असेल तर लखपती व्हाल' असले व्हिडिओ येत असतील. आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सावध केलं होतं. पण फसवणूक झाली नाही तरी प्रश्न चुकीचाच आहे. घरातलं नाणं हातात घेऊन "किती मिळतील?" असं विचारू नका. "कुणाचं होतं, कसं आलं?" हे विचारा. उत्तर देणारं माणूस घरात आहे तोवर विचारा, आणि लिहून ठेवा.

माझ्याकडे चार उरलेत. दोन १८६२ चे, एक १८८२ चा, एक १८९३ चा. त्यांच्या डबीत एक कागद ठेवलाय. त्यावर आजीचं नाव आहे, दुधाची गोष्ट आहे आणि खाली लिहिलंय : बाकीचे सात मी विकले.