मिनामाताचे पाणी आणि छायाचित्रावरचा हक्क

पाण्यातला पारा कॅमेऱ्याला दिसत नाही. जंगल तुटले की बुंधे उरतात आणि विहीर आटली की तळ उघडा पडतो, त्यामुळे त्या ऱ्हासाची छायाचित्रे निघतात. मिथिल मर्क्युरी हे पाऱ्याचे संयुग मात्र मागे काहीच दाखवत नाही. जपानच्या क्युशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिनामाता गावाजवळच्या छोट्या आखातात चिस्सो कंपनीच्या कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात पारायुक्त सांडपाणी सोडले. त्या सगळ्या वर्षांत शिरानुई समुद्र वरून पाहणाऱ्याला सुंदरच दिसत होता. माणूस आणि त्याचा निसर्ग यांचे दस्तावेजी छायाचित्रण करणाऱ्यांनी मिनामाताचा अभ्यास करावा तो या कारणासाठी. इथे विषय दिसणारा नव्हता, आणि ज्यांच्या शरीरावर तो शेवटी दिसू लागला त्यांना दिसण्याची किंमत मोजावी लागली.

आधी साखळी समजून घेणे आवश्यक आहे. अॅसिटाल्डिहाइड तयार करताना कारखान्यात पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाई. त्या प्रक्रियेत थोडे मिथिल मर्क्युरी तयार होई आणि सांडपाण्याबरोबर ते आखातात जाई. तिथून ते सूक्ष्म जीवांत, त्यांच्यापासून शिंपल्यांत आणि माशांत जाई, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढे. किनाऱ्यावरच्या वस्त्यांत भातापेक्षा मासळीवर पोट भरणारी कुटुंबे होती, त्यामुळे साखळीचे शेवटचे टोक त्यांच्या ताटात होते. माणसांआधी मांजरे गेली. १९५४ साली मोदो नावाच्या कोळीवस्तीतली मांजरे झटके येऊन मेली आणि उंदीर माजले, अशी बातमी स्थानिक वृत्तपत्रात आली होती. ती एक विचित्र बातमी म्हणून वाचली गेली आणि विसरली गेली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख होसोकावा हाजिमे यांनी मेंदूच्या अनाकलनीय विकाराचे रुग्ण आरोग्य कार्यालयाला कळवले. हा दिवस आता रोगाच्या अधिकृत नोंदीचा दिवस मानतात. १९५९ मध्ये त्याच डॉक्टरांनी मांजराला कारखान्याचे सांडपाणी खाऊ घालून तोच रोग उद्भवतो हे पाहिले, आणि कंपनीने तो निष्कर्ष दाबून ठेवला. सरकारने कारण मान्य केले ते थेट सप्टेंबर १९६८ मध्ये. तोवर त्या प्रक्रियेचे उत्पादन बंद होऊन काही महिने झाले होते.

अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला गावाची घडणही माहीत हवी. मिनामाता हे कंपनीचे गाव होते. पगार, दुकानदारी, नगरपालिकेचे उत्पन्न, सारे चिस्सोवर चाले. कोळी त्या गावाच्या कडेला राहत. रोग संसर्गजन्य आहे या समजुतीने रुग्णांच्या घरांवर जंतुनाशक फवारले गेले, शेजाऱ्यांनी येणेजाणे तोडले. पुढे संसर्गाची भीती गेली तरी राग उरला, कारण रुग्ण जाहीर झाला की मासळीचा भाव पडे आणि कारखान्यावर बोट दाखवले की नोकरी धोक्यात येई. त्यामुळे आजारी माणूस घरात लपवणे हा कित्येक कुटुंबांचा नाइलाज होता. छायाचित्राला होकार देणारे कुटुंब गावाच्या रोषालाही होकार देत होते. परक्या छायाचित्रकाराला हे पहिल्या आठवड्यात कळत नाही.

मिनामाता म्हटले की छायाचित्रकार युजीन स्मिथचे नाव येते, पण त्याच्या अकरा वर्षे आधी कुवाबारा शिसेई तिथे पोहोचला होता. १९६० साली विशीतल्या या होतकरू छायाचित्रकाराने रुग्णालयातले रुग्ण, त्यांची घरे आणि किनारा टिपायला सुरुवात केली. १९६२ मध्ये तोक्योत त्याचे प्रदर्शन झाले आणि १९६५ मध्ये पुस्तक निघाले. देशभर हा विषय तेव्हा संपल्यात जमा होता. कंपनीने १९५९ च्या अखेरीस तुटपुंजे सांत्वनाचे पैसे देऊन प्रकरण मिटवले होते आणि सांडपाणी शुद्ध करणारे म्हणून एक यंत्र बसवले होते, जे पारा काढतच नव्हते. जन्मतःच रोग घेऊन आलेल्या मुलांचा प्रश्न हारादा मासाझुमी आणि इतर डॉक्टरांनी त्याच सुमारास पुढे आणला. आई वरवर धडधाकट, आणि गर्भातले मूल मात्र विषबाधित, ही गोष्ट वैद्यकशास्त्रालाही नवी होती. कुवाबारा पुढची कित्येक दशके त्याच घरांकडे परत जात राहिला. एखादा विषय बातमीतून उतरल्यावर तो धरून ठेवणारा छायाचित्रकार इतिहासात मागच्या रांगेत बसतो. हा अन्याय जुनाच आहे.

त्सुचिमोतो नोरिआकी याचा १९७१ चा माहितीपटही याच परंपरेतला. त्यात रुग्ण आहेत आणि भागधारक बनून कंपनीच्या सभेत शिरलेली कुटुंबेही आहेत. पण लक्षात राहतो तो उथळ पाण्यात उभा राहून ऑक्टोपस पकडणारा म्हातारा. कॅमेरा बराच वेळ त्याच्यासोबत राहतो. त्याचे कसब, पाण्यातली नजर, पकड आणि या कामातला त्याचा आनंद, सगळे दिसते. समुद्राने माणसांना काय दिले होते हे आधी दिसल्यामुळे त्याच समुद्रातून काय आले याचा अर्थ प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. प्रदूषणाची छायाचित्रे काढणारे बहुतेक जण नेमका हाच भाग वगळतात. नळाचे तोंड, फेस, मेलेले मासे आणि वाकडी झालेली बोटे एवढ्यावर निबंध उभा केला की समाज फक्त बळी म्हणून उरतो.

युजीन स्मिथ आणि त्याची पत्नी आयलीन मिओको स्मिथ १९७१ मध्ये मिनामाताला आले आणि तीन वर्षे राहिले. स्मिथ तेव्हा बावन्न-त्रेपन्न वर्षांचा होता. 'लाइफ' साप्ताहिकासाठी केलेल्या 'कंट्री डॉक्टर' आणि 'स्पॅनिश व्हिलेज' या फोटो-निबंधांमुळे त्याचे नाव झाले होते आणि संपादकांशी भांडून तो बाहेर पडला त्यालाही बरीच वर्षे झाली होती. त्याला जपानी येत नव्हते. बोलणे आयलीनमार्फत होई, आणि ती स्वतःही छायाचित्रे काढत होती. एका रुग्ण कुटुंबाचे घर त्यांनी भाड्याने घेतले आणि तिथेच डार्करूम थाटली. छायाचित्रे धुणे आणि माणसांना भेटणे एकाच गल्लीत चालू राहिले. जानेवारी १९७२ मध्ये चिबा प्रांतातल्या गोई इथल्या कारखान्यात रुग्णांच्या शिष्टमंडळासोबत गेलेल्या स्मिथला कंपनीच्या माणसांनी मारहाण केली. तिचा त्रास त्याच्या नजरेला शेवटपर्यंत होत राहिला.

१९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले 'मिनामाता' हे पुस्तक दोघांच्या नावावर आहे. वस्तुनिष्ठता हा शब्द पत्रकारितेतून काढून टाकावा, अशी स्मिथची धारणा होती. आपली बांधिलकी आधी ज्यांची छायाचित्रे काढली त्यांच्याशी आणि मग वाचकांशी, असे तो मांडतो. हे पटो न पटो, पुस्तकाची बांधणी पाहण्यासारखी आहे. मासेमारी, आखातात उघडणारा नळ, घरे, रुग्णालय, न्यायालय, कंपनीच्या टेबलासमोर बसलेली कुटुंबे असा क्रम लागतो आणि मजकूर छायाचित्रांच्या बरोबरीने चालतो. कुमामोतो जिल्हा न्यायालयाने २० मार्च १९७३ रोजी कंपनीला जबाबदार ठरवले, तोही भाग पुस्तकात आहे. अदृश्य रसायनाला दृश्य करण्याचा स्मिथ दांपत्याचा उपाय साधा होता. नळ, जाळे, ताट आणि शरीर यांपैकी कोणतेही एक चित्र एकटे सोडायचे नाही.

प्रत्यक्षात एक चित्र एकटे सुटलेच. डिसेंबर १९७१ मध्ये घेतलेले, जन्मजात रोग असलेल्या मुलीला न्हाऊ घालणाऱ्या आईचे ते छायाचित्र. पारंपरिक न्हाणीत पाणी, आईच्या हातांवर तोललेले ताठरलेले शरीर, आईची मुलीच्या चेहऱ्यावर खिळलेली नजर. हा ओझरता टिपलेला क्षण नव्हता. कुटुंबाशी आधी ओळख झाली होती, बोलणे झाले होते, आणि या लेकीमुळे जगाला रोग कळावा अशी आईवडिलांचीही इच्छा होती. पोटातल्या मुलीने विष स्वतःत घेतल्यामुळे आपण आणि तिची धाकटी भावंडे वाचलो, असे आई मानत असे. २ जून १९७२ च्या 'लाइफ'च्या अंकात छायाचित्र आले आणि जगभर गेले. पाश्चात्त्य समीक्षकांना त्यात मायकेलअँजेलोचे 'पिएता' हे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचे शिल्प दिसले. तुलना सुबक आहे, पण तिने नळ, कंपनी आणि मासळी हे तिन्ही चौकटीबाहेर ढकलले.

मुलगी १९७७ मध्ये, एकविसाव्या वर्षी गेली. छायाचित्र मात्र पाठ्यपुस्तकांत, भित्तिपत्रकांवर, प्रदर्शनांत फिरत राहिले. आपल्या लेकीच्या दुखण्यावर पैसा मिळवला, असे गावातल्या काहींनी कुटुंबाला ऐकवले. १९९० च्या दशकात एका फ्रेंच दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी पुन्हा विचारणा झाली तेव्हा आईवडिलांनी नकार दिला. तिला आता विश्रांती मिळावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आयलीन स्मिथ त्यांना भेटली आणि १९९८ मध्ये या छायाचित्राच्या वापराचा निर्णय तिने आईवडिलांच्या हाती दिला. पुढे ते नव्याने छापायला देणे थांबले. संग्रहालयांकडे आधीच गेलेल्या प्रतींवर त्या निर्णयाची सक्ती नव्हती, ते दाखवताना विचार करावा एवढेच सांगता आले. २०२० साली स्मिथवरच्या चित्रपटात न्हाऊ घालण्याचा तो प्रसंग आला आणि प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

या निर्णयावर छायाचित्रकारांत दोन मते आहेत. पुरावा लपवला गेला तर त्याचा फायदा गुन्हेगाराला होतो, हे एक. मिनामातात दशकानुदशके लपवालपवीच झाली होती, म्हणून हा आक्षेप हलका नाही. दुसरे मत असे की इथे पुरावा नष्ट झालेला नाही. नळाची, न्यायालयाची, बाकीच्या रुग्णांची छायाचित्रे आहेत, निकाल आहे, सव्वादोन हजारांहून अधिक मान्यताप्राप्त रुग्णांची नोंद आहे. आईवडिलांनी आपल्या मुलीच्या उघड्या शरीराचा वापर थांबवायला सांगितले, एवढेच. होकार १९७१ चा होता आणि तो त्या वेळच्या लढ्यासाठी होता. लढा संपल्यावर तोच होकार कायमचा परवाना मानणे हा व्यवसायाच्या सोयीचा अर्थ आहे.

भारतातल्या कामालाही हे लागू पडते. कायद्याने छायाचित्राचा स्वामित्वहक्क ते काढणाऱ्याकडे, किंवा नोकरीच्या अथवा करारपत्राच्या स्वरूपानुसार ते काढून घेणाऱ्याकडे असतो. ज्याचा चेहरा आहे त्याला त्यात वाटा नाही. कोकणात लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत. मासे मरून काठाला लागले की कॅमेरे येतात, आणि पाणी ओसरण्याआधी परत जातात. तिथल्या कुटुंबांकडून घेतलेली परवानगी बहुधा तोंडी असते आणि कशाच्या वापरासाठी आहे हे कुठेच लिहिलेले नसते.

परवानगीची नोंद मराठीत, समोरच्याला वाचून दाखवून करता येते. तिच्यात वापराचे ठिकाण आणि मुदत लिहिता येते: हे पुस्तक, हे प्रदर्शन, इतकी वर्षे. मुदत संपली की पुन्हा विचारायचे. छायाचित्रातली व्यक्ती लहान मूल असेल तर ती सज्ञान झाल्यावर तिलाच विचारायचे. माघार घ्यायची झाल्यास कोणाला कळवायचे तो पत्ता कुटुंबाकडे राहायला हवा, आणि संग्रहातल्या प्रत्येक फाइलच्या कॅप्शनमध्ये ही अट छायाचित्रासोबत जायला हवी, कारण ते पुढे कोणत्या संपादकाच्या हाती पडेल ते काढणाऱ्याच्या हातात नसते. छापील प्रती विकताना खरेदीपत्रात हीच अट घालता येते. १९९८ पूर्वी संग्रहालयांनी घेतलेल्या प्रतींबाबत आयलीन स्मिथकडे असे कलम नव्हते.