मराठीतला ‘वरद’, तेलुगूतला ‘वरद’

मराठीत ‘वरद’ म्हणजे वर देणारा. तेलुगूत ‘वरद’ म्हणजे पूर! पैनगंगेकाठच्या आपल्या गावांची व्यथा या एका शब्दात मावते. २०२२ व २०२३ च्या जुलैत आणि पुन्हा २०२४ च्या सप्टेंबरात पैनगंगा फुगली. जैनथ, बेला, भीमपूर भागातील उभा कापूस, सोयाबीन पाण्याखाली गेले. पूर दोन्ही तीरांवर सारखाच आला. पण पलीकडचा यवतमाळचा शेतकरी आपला पंचनामा मराठीत वाचतो आणि अलीकडचा मराठी शेतकरी न कळणाऱ्या कागदावर सही करतो, हा फरक लहान नाही.

मदत ही कोणाची मेहरबानी नव्हे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. २०२२ ते २०२६ साठी ठरलेल्या केंद्रीय निकषांत ३३ टक्के वा अधिक पीक बुडाल्यास कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये आणि बागायतीला १७,००० रुपये धरले आहेत, तेही दोन हेक्टरांपर्यंत. बैल दगावल्यास ३२,०००, दुभती गाय वा म्हैस दगावल्यास ३७,५००, सपाट भागातील घर पूर्ण पडल्यास १,२०,००० रुपये. कोरडवाहूचा हा दर एकरी ३,४०० च्या आसपास पडतो. म्हणूनच सप्टेंबर २०२४ मध्ये तेलंगण सरकारने एकरी १०,००० रुपये जाहीर केले, तेव्हा शेतकऱ्याला धीर आला.

परंतु रक्कम जाहीर होणे वेगळे आणि यादीत नाव येणे वेगळे. नदीकाठच्या शेताचे नुकसान दुहेरी असते. पीक जाते आणि वर वाळूचा थर बसतो. तीन इंचांहून जास्त गाळ-वाळू साचल्यास ती काढण्यासाठी अल्पभूधारकाला हेक्टरी १८,००० रुपयांची वेगळी तरतूद आहे. तेलुगूत पीकनुकसानीला ‘पंट नष्टम’ म्हणतात आणि साचलेल्या वाळूला ‘इसुक मेट’. हा दुसरा शब्द ज्याला ठाऊक नाही, त्याच्या कागदावर फक्त पीक लिहिले गेले तरी त्याला पत्ता लागणार नाही. पट्टादार पासबुकातील नाव, आधारवरील नाव आणि बँकेतील नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तरी पैसे अडकतात, हे वेगळेच.

यावर कायदा मुका नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार कोणाही माणसाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. अर्ज मराठीत आहे म्हणून तो परत करता येत नाही. मात्र उत्तर मराठीतच मिळेल, अशी हमी या कलमात नाही. भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या १९५६ च्या केंद्रीय निवेदनात, जेथे त्यांची वस्ती १५ ते २० टक्के आहे तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत काढाव्यात, असे सुचविले आहे. त्याच वर्षी भाषावार प्रांतरचनेत किनवट, राजुरा तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. सीमा नकाशावर आखली गेली, माणसांची बोली काही बदलली नाही.

तेलुगू शिकू नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती आपल्या राज्याची भाषा आहे, पोराबाळांनी ती जरूर शिकावी. पण पुराने घर गेलेल्या म्हाताऱ्याने आधी भाषा शिकावी आणि मग मदत मागावी, हा कोणता न्याय? मराठी गावांत नुकसानीची यादी ग्रामपंचायतीपुढे मराठीत वाचून दाखवावी, एवढीच आमची मागणी आहे. त्याला ना नवा कायदा लागतो, ना मोठा खर्च.

तोवर आपणही गाफील राहू नये. पाणी ओसरताच शेताचे, वाळूच्या थराचे आणि पडलेल्या भिंतीचे फोटो काढावेत. कृषी विस्तार अधिकारी शिवारात येतील तेव्हा स्वतः हजर राहावे. सही करण्याआधी कागद गावातील तेलुगू शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावा. नाव सुटले असेल तर सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयातील प्रजावाणीत मराठीत अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नये.