गाडीला काम द्या

घरात छोटी रेल्वे मांडणाऱ्या हौशी मंडळींशी माझं एक भांडण आहे. डोंगर, बोगदा, पूल, तळं सगळं देखणं करतात, आणि मग बटण दाबलं की गाडी त्याच गोलात घरघरत राहते. पाहुणे पाच मिनिटं ‘वा, वा’ करून चहाकडे वळतात. त्यांचा दोष नाही. त्या गाडीला कुठे जायचंच नसतं.

लेक सासरी गेल्यावर डोंबिवलीच्या आमच्या घरातली तिची दहा बाय दहाची खोली रिकामी झाली. ‘पेइंग गेस्ट ठेवा की,’ शेजारच्या वहिनी म्हणाल्या. मी तिथे बोरघाट मांडायला घेतला.

कर्जत ते लोणावळा 28 किलोमीटर. या छंदात सर्रास चालणारं एचओ प्रमाण, म्हणजे मूळ वस्तूचा 87वा भाग, धरलं तरी हा मार्ग 320 मीटरच्या वर जातो. घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला आठेक सेंटिमीटर उंची लागते. या चढाने तेवढं चढेपर्यंत खोलीची अख्खी भिंत संपते. 24 डब्यांची गाडी सहा मीटरची, म्हणजे खोलीच्या दुप्पट. विकत मिळणारे रूळ 16.5 मिलिमीटरचे, कारण ते युरोपातल्या 1435 मिलिमीटरच्या मार्गासाठी. आपल्या 1676च्या ब्रॉडगेजला सव्वाएकोणीस हवेत.

म्हणजे काटछाट अटळ. ती कशात करायची, एवढंच आपल्या हातात. मी सहा डब्यांवर भागवलं, बोगदे दोनच ठेवले, मापाचा हट्ट सोडला. बँकर मात्र सोडला नाही. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, घाटभर ढकलतात आणि लोणावळ्याला सुटतात. माझ्याकडे मागे एकच इंजिन आहे, पण ते जरा जास्त पळालं की वळणावर मधले डबे रुळांवरून उतरतात. पुढच्या-मागच्याचा वेग जुळवताना घाम फुटतो, आणि खरी गंमत त्यातच आहे.

उतरताना वेगळी परीक्षा. खऱ्या घाटात कॅच सायडिंग, म्हणजे ब्रेक न लागलेली गाडी अडवायला काढलेला चढता फाटा, असते; तिथे काटा आधी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी पूर्ण थांबली, ब्रेक धरतोय हे दिसलं, की मगच मुख्य मार्ग मिळतो. आमच्याकडेही तोच नियम. नातू कंट्रोलर हळूहळू शून्यावर आणतो आणि ओरडतो, ‘आजी, थांबली! दे लाइन!’ चाक तसूभरही हलत असेल तर मी देत नाही.

सजावटीला माझा विरोध नाही. चाळलेली वाळू रुळांमध्ये पसरायची, पाण्यात फेविकॉल आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब कालवून ड्रॉपरने सोडायचं. सकाळी खडी घट्ट बसलेली असते. या कामात दुपार कशी जाते कळत नाही. पण ते मागाहून झालं तरी चालतं. आमचं लोणावळा अजून कोरं प्लायवूड आहे, फलाट पेन्सिलीने आखलेले. तरी गाडी घाट चढायला लागली की चहा गार होतो.

तेव्हा ज्यांच्या घरात खोली रिकामी आहे, त्यांना एकच सांगणं: आधी आपल्या गाडीचं काम ठरवा. ती कुठून निघते, कुठे थांबते, तिथे काय जोडते, काय सोडते. आणि पहिले पैसे डोंगरावर नव्हे, दोन काट्यांवर आणि एका लूप लाइनवर घाला.