मूठ तुटली, पण का तुटली?



आमचे हिंगणघाट मोठ्या मोक्याच्या जागी वसले आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिली आणि १६ ऑक्टोबरला चांद्याला. आमच्या गावाहून नागपूर एका अंगाला, चांदा दुसऱ्या अंगाला, आणि दोन्ही पाऊणशे-ऐंशी किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे अशोक विजयादशमी जवळ आली की वस्तीवस्तीत एकच चर्चा असते : गाडी कोणाची, डिझेलचे कसे करायचे, आणि डबे कोणाकडे. एस.टी. आहे, रेल्वे आहे. तरी लहान पोरे आणि म्हातारी माय सोबत असली की घरची गाडी बरी वाटते. कष्टकऱ्यांच्या वस्तीत घरची गाडी म्हणजे पुष्कळदा जुनी जीप.

ही जीप मूळची अमेरिकेतील विलीज कंपनीची, युद्धासाठी बनवलेली. आपल्याकडे महिंद्राने ती मुंबईत जोडायला घेतली आणि पुढे अनेक वर्षे बनवली. तहसीलदाराकडे ती, पोलिसांकडे ती, आणि निवडणूक आली की निळा झेंडा लावून प्रचारालाही तीच. आता ते जुने मॉडेल कारखान्यातून निघत नाही. श्रीमंत लोक तिला रंगरंगोटी करून बंगल्यासमोर ठेवतात. २०२१ सालापासून पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणीही करता येते. पण ती नोंदणी रोजच्या वापरासाठी नाही. आपल्या वस्तीतील जीप रोजच्या कामाची आहे. ती सरकी वाहते, बाळंतिणीला दवाखान्यात नेते आणि वर्षातून एकदा दीक्षाभूमीला जाते.

आमच्या वस्तीतील अशाच एका जीपच्या हँडब्रेकची मूठ निघण्याच्या आठ दिवस आधी गाडीवाल्या भाऊंच्या हातात आली. भाऊ म्हणाले, "चालते गाडी, थांबते गाडी. हँडब्रेक कोण पाह्यते? चाकाखाली वीट ठेवू." चार जण हसले आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. तेवढ्यात मागे बसलेल्या एका वहिनी बोलल्या, "भाऊजी, तुम्ही चहाले उतरता तवा लेकरं गाडीतच रायते. तवा वीट ठेवाची कोणाच्या ध्यानात रायते?" यावर कोणापाशी उत्तर नव्हते. महिला मंडळाने जमवलेल्या पैशातून दुरुस्तीचा खर्च करायचा, असे तिथेच ठरले.

मिस्त्रीकडे आम्हीही गेलो होतो. मिस्त्री आपल्याच समाजाचा, आयटीआयमध्ये दोन वर्षे मोटार मेकॅनिक शिकलेला. त्याने तुटलेली मूठ हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, मूठ तं आत्ता लावून देतो. पण हे तुटली काऊन, ते पाहा ना आधी."

त्याने जे दाखवले ते ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी नीट वाचावे. अँबेसिडरसारख्या मोटारीत हँडब्रेक मागच्या दोन चाकांवर चालतो. जुन्या जीपचे तसे नाही. तिच्या पोटाखाली गिअर बॉक्सला लागून ट्रान्सफर केस असते. तिच्या मागल्या टोकातून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट निघतो आणि त्याच टोकाला एक छोटा ड्रम बसवलेला असतो. डॅशबोर्डखालची मूठ ओढली की दांड्याला जोडलेली तार ओढली जाते, ड्रमच्या आतले दोन शू फाकून ड्रमला आतून दाबतात आणि शाफ्ट फिरायचा थांबतो. दांड्याला दात असतात, त्यांत खटका अडकतो म्हणून मूठ ओढलेल्या जागी राहते. सोडताना ती किंचित ओढून, पिळून आत ढकलायची असते. ओढ कमी न करता नुसती पिळणारे पुष्कळ आहेत. सगळा ताण मग त्या मुठीच्या मानेवर येतो.

पण या गाडीत खरे कारण त्याहून खाली होते. मिस्त्रीने ड्रम काढला तेव्हा आत काळे, चिकट तेल. ट्रान्सफर केसच्या टोकाला असलेले ऑईल सील झिजले होते. तिथून गिअरचे तेल ड्रममध्ये झिरपत होते आणि शूचे लायनिंग त्या तेलात भिजून गेले होते. भिजलेले लायनिंग धरणार काय? गाडी धरत नाही म्हणून भाऊ मूठ जोराने ओढत. तरी धरत नाही म्हणून दोन्ही हातांनी ओढत. त्यातच पावसाळ्यात चिखलपाणी जाऊन तार तिच्या नळीत गंजली होती, म्हणून आणखी जोर. शेवटी सगळ्यांत अशक्त जागा मोडली. शे-दीडशे रुपयांचे सील वेळेवर बदलले असते तर मूठ मोडलीच नसती. नुसती नवी मूठ बसवून गाडी पाठवली असती, तर मूठ चकचकीत दिसली असती, भाऊंनी खुशीत ओढली असती, आणि चढावर उभी केलेली गाडी मागे सरकली असती. तुटलेली मूठ निदान दिसते तरी.

एका शेजाऱ्याने वेल्डिंगचा सल्ला दिला होता. मिस्त्रीने तो ऐकला नाही, आणि ते बरे झाले. ओतीव मूठ वेल्डिंगला नीट धरत नाही, धरली तरी पुन्हा तिथेच मोडते; आणि दांड्याला आच लागली तर त्यावरचे दात नरम पडून खटका निसटू लागतो. नागपूरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मूठ, दांडा आणि तार असा सगळा जोड मिळाला. दांड्याचे दात झिजलेले असतील तर असा जोडच घ्यावा. दात शाबूत असतील आणि पिनेने बसवलेली मूठच तेवढी गेली असेल, तर पीन ठोकून नवी मूठ बसते.

काम असे झाले. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांना लाकडी गुटके लावले आणि पहिला गिअर टाकला. खालून तारेच्या टोकाची पीन काढली, डॅशबोर्डखालचे बोल्ट सैल केले आणि जुना जोड ओढून बाहेर घेतला. नवीन सील बसले. लायनिंगही नवीन. भाऊ म्हणत होते, रॉकेलने धुऊन वापरू. पण तेल प्यालेले लायनिंग धुतल्यावर दोन दिवस बरे वाटते आणि गरम झाले की पुन्हा तेल सोडते. नवी तार ग्रीस लावून सोडली, तिला कुठे तीव्र वळण पडणार नाही असे पाहिले, मग शूची फट जुळवली. चार-पाच खटक्यांत गाडी धरली पाहिजे, असा मिस्त्रीचा हिशेब. पहिल्याच खटक्यात धरली तर शू ड्रमला घासत राहतात आणि चालत्या गाडीत ड्रम तापतो.

या कामात एक गोष्ट पाहून आम्हाला बोलल्याशिवाय राहवले नाही. मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराने ड्रममधली धूळ तोंडाने फुंकली. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस वापरत. त्याची धूळ फुप्फुसात बसते, निघत नाही, आणि तिचे रोग वीस-तीस वर्षांनी दिसतात. ही धूळ फुंकायची नाही, कोरड्या झाडूने झाडायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडके फेकून द्यायचे. ज्या मातापित्यांनी आपली मुले गॅरेजमध्ये कामाला घातली आहेत त्यांनी एवढे एक वाक्य त्यांना जरूर सांगावे. मिस्त्रीलाही ते ठाऊक नव्हते. त्याने लगेच बादली मागवली.

मजुरीवरून थोडी कुरकुर झालीच. "एका मुठीचे एवढे?" असे एक बंधू म्हणाले. आम्ही त्यांना गाडीखाली वाकून पाहायला सांगितले. मिस्त्री दीड दिवस पाठीवर पडून होता. समाजाचा माणूस म्हणून त्याने फुकट करावे, ही आपल्यातील फार वाईट सवय आहे. मजुरांच्या कामाचे तास आणि दाम यांसाठी बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ मजूरखाते सांभाळत होते. त्यांच्या नावाने निघालेल्या गाडीची मजुरी बुडवायची म्हणजे काय? वहिनींनी पूर्ण पैसे मोजून दिले आणि जुने सील, जुने लायनिंग पिशवीत घालून परत मागून घेतले. हेही चांगले. काय बदलले ते डोळ्यांनी दिसते.

आता कायद्याचे थोडे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२६ सांगते की, चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज केल्याशिवाय, ती सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्या वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते. शिवाय खासगी नंबरच्या गाडीत माणशी भाडे घेऊन लोक बसवले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईला हात वर करू शकते. तेव्हा गाडीत बसण्याआधी कागद पाहावेत, आणि सात-आठ जणांच्या जीपमध्ये चौदा माणसे कोंबू नयेत. लायनिंग कितीही नवे असले तरी ओझ्यालाही हिशेब आहे.

चाचणी कशी घ्यावी हेही सांगतो. मोकळ्या चढावर, आत फक्त चालक, मागे कोणी उभे नाही, गुटके हाताशी. पायाचा ब्रेक दाबून गाडी उभी करायची, गिअर न्यूट्रल, मूठ ओढायची आणि मग पाय हळूहळू उचलायचा. चढाला तोंड करून एकदा, उताराला तोंड करून एकदा. चालत्या गाडीत हा हँडब्रेक ओढून पाहू नये. सगळा झटका शाफ्टवर बसतो. मुलांना मुठीला लोंबकळू देऊ नये.

आणि एक धोका, जो पुष्कळ जुन्या चालकांनाही माहीत नसतो. या जीपचा हँडब्रेक चाकांना नाही, शाफ्टला धरतो. मागचे एक चाक पंक्चर झाले म्हणून जॅक लावून उचलले, तर ते चाक हवेत मोकळे फिरू शकते, आणि डिफरेन्शियलमुळे जमिनीवरचे दुसरे चाकही उलट दिशेने फिरू शकते. म्हणजे मूठ पूर्ण ओढलेली असतानाही गाडी जॅकवरून सरकते. म्हणून मागचे चाक उचलण्यापूर्वी सगळ्यांना खाली उतरवावे, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावावेत, आणि मगच जॅकला हात लावावा. असे चार गुटके कोणताही सुतार टाकाऊ लाकडातून कापून देतो. ते स्टेपनीजवळ बांधून ठेवावेत.